सोनं म्हणून दिलेला धोटा

भटवाडी, घाटकोपर
१४ नोव्हेंबर १९५२

बाळा,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून आधी आशीर्वाद.

तुझा कोट पोचला. पार्सल सोडवायला मला शाळेतून अर्धी रजा काढावी लागली आणि कस्टमच्या कारकुनाने आत काय आहे हे तीनतीनदा विचारलं. मलाही ठाऊक नव्हतं, तर सांगणार काय? कोट चांगला आहे. लोकर खरी आहे, अस्तर गुळगुळीत आहे. घाटकोपरात असा कोट घालून कोणी स्टेशनापर्यंत चालत गेला तर उचलून आणावा लागेल. ह्यांनी एकदा अंगावर चढवला, आरशात बघितलं आणि हसत सुटले. मला हसू आलं नाही. मी विचार करत बसले. बोटीवर चढल्यापासून ज्याने सख्ख्या बहिणीला धड चार ओळी लिहिल्या नाहीत, त्याला एकाएकी भावजींच्या थंडीची काळजी कशी वाटली? आणि शिकाऊ म्हणून राबणाऱ्या माणसाकडे असल्या कोटाचे पैसे आले कुठून?

तुला कारण ठाऊक असेल तर पुढचं वाचून आश्चर्य वाटायचं नाही. नसेल तर नीट वाच.

ह्यांनी पावसाळ्यात कलकत्त्याच्या पेटंट ऑफिसकडे मागावरच्या धोट्याचा अर्ज पाठवला होता. इंग्रजी मी लिहिलं, चित्रं ह्यांनी काढली. आता तिकडून कळलंय की हाच धोटा, हीच खाच, खाचेतली हीच पितळेची पट्टी, सगळं दुसऱ्या कोणीतरी आपलं म्हणून मागितलं आहे. त्यांचा इथला अर्ज आपल्यानंतर आला. तरी तो आपल्या आधीचा धरतात. का, तर विलायतेत त्यांनी एप्रिलमध्येच अर्ज टाकला होता, आणि दोन्ही सरकारांत असा करार आहे की तिथली तारीख इथेही चालते. मी ते कागद पुन्हा पुन्हा वाचले. स्वराज्य आलं, पण तारीख अजून त्यांचीच धरायची, असा त्याचा अर्थ मला लागला. माझं इंग्रजी कच्चं असेल तर तू समजावून सांग.

अर्ज करणारी कंपनी मँचेस्टरची आहे. धोटे बनवणारी. तिचं नाव इथे लिहीत नाही. तू रोज सकाळी त्याच नावाच्या दारातून आत जातोस.

आबा कशाने गेले ते तू विसरला नसशील. धोट्यातली दोऱ्याची कांडी संपली की नवी घालायची, धोट्याच्या भोकाला तोंड लावायचं आणि श्वास ओढून दोरा बाहेर काढायचा. दिवसभर तेच. दोऱ्याबरोबर कापसाची धूळ आत, खोबणीतलं तेल आत, आधीच्या पाळीच्या विणकराची थुंकीसुद्धा आत. शेवटच्या वर्षी त्यांना आडवं झोपता येत नव्हतं, भिंतीला टेकून बसायचे, आणि तू त्यांच्या पाठीला हात लावून बसायचास. ह्यांनी ती खाच कोरली ती आबांसाठी, त्यांच्या हयातीत जमली नाही ही गोष्ट वेगळी. दोरा खाचेत ठेवला, जरा ओढला, की आपोआप भोकात जाऊन बसतो. तोंड लावायचं कामच नाही.

तेव्हा तू काय म्हणाला होतास? "भावजी, हे इथे कोण विकत घेणार? विलायतेला विका, एकरकमी पैसे मिळतील, तुम्ही मोकळे." हे नको म्हणाले. गिरणी सोडून असल्फ्याच्या टेकडीखाली शेड घेतली. तू रागाने धुमसत राहिलास आणि बॅलार्ड पिअरवर बोटीत चढताना आमच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाहीस.

मी आरोप करत नाही. एकच विचारते. वर्षाच्या सुरुवातीला जाताना तू एक धोटा बरोबर नेला होतास. तो आता कुठे आहे?

आक्का


भटवाडी, घाटकोपर
९ जानेवारी १९५३

बाळा,

तुझं पत्र आलं. धोटा कुठे आहे, ह्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. मी पाकीट फाडून उलटंसुद्धा करून बघितलं.

त्याऐवजी तूच मला विचारतोस, "आक्का, एक्कावन्न सालच्या दसऱ्याला भावजींनी गिरणीत धोटा पूजेला मांडला, तेव्हा कोण कोण होतं? कोणाकोणाच्या हातात तो गेला? नावं आठवून लिही." वा रे वा. तू स्वतः तिथे होतास. कपाळाला गुलाल लावून मागांच्या रांगेतून हिंडत होतास. दसऱ्याला गिरणीचं दार बायकापोरांना उघडं असतं म्हणून मीही होते, आमच्या नलूला कडेवर घेऊन. तुझ्या डोळ्यांसमोर घडलेलं तू मला विचारतोस, म्हणजे तुला आठवत नाही असं नाही. तुला माझ्याकडून लेखी हवं आहे. कोणाला दाखवायला, ते सांगायची गरज नाही.

मग घे लेखी. हे माझं अक्षर, ही माझी सही. त्या दसऱ्याला पूजा मागाची झाली, धोटा कोणी बघितला नाही. माझ्या नवऱ्याने तो फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला होता आणि ट्रंकेची किल्ली माझ्या कमरेला होती. घरच्या तीन माणसांखेरीज तो धोटा कोणाच्या दृष्टीस पडला नाही. तिघांपैकी दोघं घाटकोपरला आहेत. दाखव हे तुझ्या साहेबाला. तीनमधून दोन गेले की उरतं काय, एवढं गणित त्यालाही येत असेल.

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. पाकिटावरचा पत्ता बदलला आहे. आधी कंपनीचं वसतिगृह होतं, आता कुठलीशी स्ट्रीट आहे. बढती मिळाली वाटतं. वेगळी खोली, वेगळा पत्ता. अभिनंदन.

इकडचं ऐक. मागच्या आठवड्यात कंपनीचा मुंबईतला एजंट शेडवर आला. टाय, चकचकीत बूट, आणि मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. बसायला दिलेलं स्टूल त्याने आधी रुमालाने पुसलं. मग म्हणतो, "लवू मिस्त्री, धोटे करू नका असं कोण म्हणतंय? जरूर करा. फक्त कंपनीच्या परवानगीने करा, कंपनीचा छाप मारून करा, म्हणजे तुम्हालाही कटकट नाही."

हे म्हणाले, "माझ्या पोराक तुमचा नाव लावायचा, असाच ना?"

"तसं नव्हे हो..."

"मग कसा?"

 त्याने खिशातून नोटीस काढली, लाकडाच्या भुशावर ठेवली आणि गेला. ह्यांनी ती उचलून, झटकून माझ्या हातात दिली आणि परत रंधा हातात घेतला. ह्या माणसाला राग कसा येत नाही, हे मला लग्न झाल्यापासून कळलेलं नाही. त्यांच्या वाटणीचा राग मलाच धरावा लागतो.

कोट ट्रंकेत आहे. डांबराच्या गोळ्या घातल्या आहेत.

आक्का


भटवाडी, घाटकोपर
२ मार्च १९५३

नंदकिशोर,

पाळण्यातलं नाव लिहिलं आहे, कारण बाळा म्हणावंसं वाटत नाही.

भिवंडीच्या मागवाल्यांनी पाठ फिरवली. नोटीस त्यांनाही गेली. ज्याच्याकडे हा धोटा सापडेल तो कोर्टात खेचला जाईल म्हणे. कुर्ल्याच्या एका शेठने तर घेतलेला माल परत आणून शेडच्या दाराशी ओतला आणि वर म्हणाला, "मिस्त्री, तुझा धोटा झकास आहे यार, पण मला पोलीस नको." हे त्यातलेच दोन धोटे उचलून दिवसभर त्यांची खाच घासत बसले, जणू चूक खाचेची होती. लेथ बंद आहे. कामाला होते त्या दोघांना ह्यांनी दुसरीकडे चिकटवून दिलं. शेडचं भाडं माझ्या पगारातून जातं, आणि तो पगार कसा आहे हे तुला माहीत आहे, तुझ्या बोटीच्या तिकिटातही तो गेलेला आहे.

काल तो एजंट पुन्हा आला. मी होते. मी त्याला सरळ विचारलं, तुमच्या साहेबांना हा धोटा दिला कोणी? तो हसला. म्हणाला, "बाई, मला सगळंच सांगता येत नाही. पण तुमचा भाऊ नसता ना, तर हे प्रकरण एवढं लांबलंच नसतं."

मला ह्यापुढे ऐकायचं नव्हतं. मी उठून शेडच्या मागे गेले आणि टेकडीकडे तोंड करून उभी राहिले. आबांच्या पाठीवरचा तुझा हात आठवत राहिला. तोच हात धोटा घेऊन साहेबाच्या टेबलाजवळ उभा आहे असं दिसत राहिलं. मी ते मनातून काढू बघते आणि निघत नाही.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बाळा तसा करूचो नाय." एवढंच. पुरावा काय, तर त्यांना तसं वाटतं.

मला तसं वाटत नाही. आता पत्र पाठवू नकोस. कोटही पाठवू नकोस.

रुक्मिणी


भटवाडी, घाटकोपर
२८ जून १९५३

चि. बाळास,

पाठवू नकोस म्हटलं तर खरोखरच पाठवलं नाहीस. लहानपणी कधी माझं एवढं ऐकलं नव्हतंस.

मी तुला लिहिते आहे ती कामासाठी. काम संपेपर्यंत तरी हे पत्र फाडू नकोस.

आमच्या हेडमिस्ट्रेस मृणालिनीबाई तुला आठवत असतील. त्यांचे यजमान नंदकुमारराव फोर्टमध्ये सॉलिसिटरच्या ऑफिसात असतात. मागच्या रविवारी बाईंनी आम्हाला मुलुंडला त्यांच्या घरी बोलावलं. मी सगळे कागद नेले आणि घडाघडा सांगून टाकलं. वर छाती फुगवून म्हटलं, "आम्ही धोटा कोणाला दाखवलाच नाही. डोळ्यांत तेल घालून जपला. म्हणजे तो चोरल्याशिवाय त्यांना मिळालाच नसता."

नंदकुमाररावांचा चेहरा पडला. म्हणाले, "असं असेल तर वाट लागली, रुक्मिणीबाई."

मला वाटलं मी ऐकण्यात चुकले. त्यांनी सावकाश सांगितलं. वस्तू लपवलेली असेल तर ज्याची तारीख आधी त्याचा हक्क, आणि तारीख त्यांची आधीची. चोरीचं म्हणाल तर ती सिद्ध करावी लागेल. पण कंपनीच्या तारखेच्या आधी इथे तो धोटा चारचौघांत उघडपणे वावरला असेल, लोकांनी हाताळला असेल, तर मग त्यावर कोणालाच हक्क सांगता येत नाही.

"कंपनीलाही नाही?" मी विचारलं.

"नाही."

"आणि आम्हाला?"

"तुम्हालाही नाही. पण तुम्हाला तो करण्यापासून कोणी अडवूही शकत नाही."

आतापर्यंत हे खाली मान घालून बसले होते. ते एकदम खुदकन हसले. म्हणाले, "चारचौघांत खंयचा? आख्ख्या खात्यान बघल्यानी. मीच वाटलंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तुझ्या-माझ्यासमोर मागाची पूजा झाली, ती आपण बघितली. मी नलूला घेऊन घरी आले. त्यानंतर ह्यांनी गिरणीतच करून ठेवलेले तसले धोटे पिशवीतून काढले, एकेका धोट्याच्या खाचेत आपट्याचं पान खोवलं, आणि सोनं द्यावं तसे विणकरांना वाटले. गळाभेट, नमस्कार, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. मशीन बसवायला आलेला कॉलिन्स नावाचा फिटर साहेब तिथे उभा होता, ते सगळं कौतुकाने बघत. दसऱ्याच्या दिवशी दारात उभ्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? ह्यांनी त्यालाही दिला. खाच कशी चालते तेही त्याला दोरा ओढून दाखवलं. साहेबाने टोपी काढून आभार मानले. तो नाताळला परत गेला. मँचेस्टरला.

 इतके महिने ह्यांच्या तोंडून हे निघालं नाही, का, तर कोणी विचारलंच नाही, आणि सोनं कोणाकोणाला दिलं ह्याचा हिशेब ठेवायचा असतो का?

मी म्हटलं, "मग आपण सांगू या की कॉलिन्सने चोरला. म्हणजे आपला हक्क राहील." नंदकुमारराव म्हणाले, प्रयत्न करता येईल. हे नाही म्हणाले.

"तेका मी माझ्या हातान दिलंय. सोना म्हणान. आता चोरल्यान म्हणान खोटा कसा सांगू?"

"तुमचं नाव जाईल त्या धोट्यावरचं," मी म्हटलं.

"जावंदे. धोटो तर ऱ्हवात."

परत येताना मी त्यांच्या पुढे पुढे चालत होते. भटवाडीच्या वळणापर्यंत आल्यावर मला जानेवारीतलं माझं पत्र आठवलं, आणि पाय तिथेच थांबले.

बाळा, तुझ्याजवळ माझ्या अक्षरात, माझ्या सहीने असं लिहिलेलं आहे की धोटा ट्रंकेत होता आणि कोणी बघितला नाही. शाळेतल्या बाईने लिहिलंय, नवऱ्याच्या बाजूने लिहिलंय. कंपनीच्या वकिलाला ह्याहून काय हवं? ते पत्र तू त्यांना दिलं असशील तर आमचं संपलंच. दिलं नसशील तर अजून देऊ शकतोस. तू काय केलं आहेस ते मला कळत नाही, आणि कळत नाही म्हणून वाईटच सुचतं. तो एजंट तुझं नाव घेऊन हसला होता, ते अजून कानात आहे.

ते पत्र परत पाठव. विनंती करते आहे. मोठ्या बहिणीने धाकट्याला विनंती करावी अशी वेळ आहे. शेड भाद्रपदापर्यंत कशीबशी टिकेल. त्यानंतर हे पुन्हा गिरणीत जाऊन मागावर उभे राहतील, जुन्याच धोट्यावर, आणि मग मला रोज संध्याकाळी त्यांचा खोकला ऐकत बसावं लागेल.

आक्का


भटवाडी, घाटकोपर
२३ ऑगस्ट १९५३

प्रिय बाळा,

नंदकुमाररावांच्या ऑफिसात तुझं पार्सल आलं. त्यांनी आम्हाला बोलावून आमच्यासमोर उघडलं. आधी तुझं शपथपत्र निघालं, तिथल्या नोटरीचा शिक्का असलेलं. त्या दसऱ्याला काय घडलं ते सगळं, कॉलिन्ससकट. मी घरी गेल्यावर तू तिथे थांबला होतास, हे मला इतक्या दिवसांत सुचलंही नव्हतं. आमच्याकडच्या पाच विणकरांनीही इथे लिहून दिलं, पण कॉलिन्सच्या हातात धोटा जाताना जवळून बघितलेला आणि इंग्रजीत सांगू शकणारा तूच एक.

मग फडकं निघालं आणि फडक्यात धोटा. खाचेत आपट्याचं पान. वाळून तपकिरी झालेलं, पण जागचं हललेलं नाही. नंदकुमारराव पानाला हात लावणार होते, तर हे म्हणाले, "ऱ्हवांदे तसाच." आणि चष्मा पुसायला बाहेर गेले. बराच वेळ पुसत होते.

सर्वांत खाली माझं जानेवारीतलं पत्र होतं. तू त्यावर लाल पेन्सिलीने शेरा मारला आहेस: "शुद्धलेखन उत्तम. खरेपणा शून्य. पुन्हा लिहून आणणे." मला ऑफिसात सगळ्यांदेखत हसू आलं आणि त्याच्यामागून रडूही आलं. मी तोंडाला पदर लावून बसले. नंदकुमाररावांनी पाणी मागवलं.

तुझी चिठ्ठी मी घरी येऊन वाचली. डिसेंबरात साहेबाने तुला बोलावून कागद पुढे केला, की हा धोटा कंपनीच्याच कारखान्यात सुचला असं लिहून दे, तू त्याच खात्यात आहेस, तुझी सही शोभेल. तू सही केली नाहीस. दुसऱ्या दिवशी वसतिगृहातून सामान बाहेर. म्हणजे ज्या पत्त्याबद्दल मी तुझं अभिनंदन केलं तो पत्ता असा होता. आणि तू नावं विचारत होतास ती साक्षीदार जमवायला. आणि एजंट म्हणाला तेही खरंच होतं. तू नसतास तर त्यांचं काम केव्हाच उरकलं असतं.

कोटाचंही कळलं. शिकाऊ भत्त्यातून पैसे साठवून घेतलास, कारण भावजी पहाटे शेड उघडतात आणि टेकडीखाली गारठा असतो. सरळ असं चिठ्ठीत लिहून पाठवला असतास तर तुझं काय गेलं असतं रे? तुम्ही पुरुष माणसं गप्प बसता आणि मग आम्ही काय समजायचं ते समजतो. नाही, हे मी उगाच तुझ्यावर ढकलते आहे. मला तुझ्यावर विश्वास ठेवायचा होता आणि मी ठेवला नाही. मला माफ कर. हे वाक्य लिहायला मला किती वेळ लागला ते सांगत नाही.

आता कुठल्याशा जुन्या गिरणीत मागावर लागलास म्हणतोस. शिकायला गेलेला मुलगा मागावर. परत ये म्हटलं तर तिकिटाला पैसे नाहीत म्हणशील. ते मी बघते.

तुझी
आक्का


भटवाडी, घाटकोपर
१९ ऑक्टोबर १९५३

माझ्या लाडक्या बाळाला खूप खूप आशीर्वाद. ह्या वेळी रीत म्हणून नव्हे.

दसरा परवा झाला. त्याच्या आदल्या आठवड्यात नंदकुमाररावांचा निरोप आला, की मँचेस्टरवाल्यांनी इथला अर्ज मागे घेतला. शपथपत्रं समोर गेल्यावर त्यांना लढण्यात अर्थ वाटला नसावा. ह्यांचाही अर्ज अर्थात गेला. धोटा आता कोणाचाच नाही. मला अजून पचलेलं नाही. ह्यांनी मात्र त्याच दिवशी लेथला नवा पट्टा घातला.

ह्या वर्षीची पूजा शेडमध्ये केली. लेथला झेंडू, रंध्याला हळदकुंकू. माल परत ओतून गेलेला तो कुर्ल्याचा शेठ निर्लज्जासारखा पहिला आला. त्याच्याबरोबर एक मिस्त्री होता, तोही आता असेच धोटे करणार आहे. मी डोळे वटारून ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांनी त्या मिस्त्र्याला पान खोवलेला धोटा दिला आणि पट्टीची वाकण कुठे चुकते तेही सांगितलं. मी संध्याकाळभर त्यांच्यावर चिडचिड केली. ते ऐकून घेत होते. मग जेवताना त्यांनी सहज विचारलं, "बाळाच्या गिरणीत खंयचे धोटे आसत गो?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक. आणि मग माझ्या हातातला घास हातात राहिला.

मी उठून तुझी ऑगस्टातली चिठ्ठी काढली. शेवटून दुसरी ओळ. "इथले धोटे जुने आहेत, सुरुवातीला फार खोकला यायचा, आता तोंडाला सवय झाली आहे."

बाळा, वर्षभर तुझ्या पत्रातल्या प्रत्येक शब्दात मी काळंबेरं शोधलं. पत्ता तपासला, पाकीट उलटं केलं, तू काय लिहिलं नाहीस तेसुद्धा वाचलं. आणि ही ओळ मी वाचली आणि पुढे गेले. त्या चिठ्ठीत मला फक्त माझी सुटका दिसत होती. ह्या धोट्यासाठी तू नोकरी घालवलीस आणि तिथे जाऊन आबांसारखा तोंडाने दोरा ओढतो आहेस. रात्री मला आबा दिसले, भिंतीला टेकून बसलेले. पण त्यांच्या पाठीवर हात ठेवायला कोणी नव्हतं.

सोबतच्या पार्सलात धोटे आहेत. ह्यांनी दोन दिवस दुसरं काही केलं नाही. आपल्या गिरणीतले माग तिकडूनच आलेले होते, माप तेच असणार असं ते म्हणतात. सैल वाटला तर टोकाशी कागद घाल, घट्ट वाटला तर काचेच्या तुकड्याने घास. प्रत्येकाच्या खाचेत पान आहे. बोटीत सुकेल, पण सुकलेलं पानही तू जपतोस.

नंदकुमाररावांनी मला बजावून सांगितलं, की इथला हक्क गेला तरी विलायतेतला त्यांचा हक्क तसाच आहे. तिथे हा धोटा अजून कंपनीचाच धरतात. म्हणजे तो वापरताना तू सापडलास तर चोर तू ठरशील, आणि तो पाठवला म्हणून मीसुद्धा. मी त्यांना बरं म्हटलं आणि घरी येऊन पार्सल शिवलं. कोणी विचारलं तर सांग की माझ्या भावजींनी दसऱ्याचं सोनं पाठवलं आहे. कॉलिन्ससाहेबाला दाखव हवं तर. त्याला ते पान ओळखू येईल.

तुझ्या तिकिटासाठी मी शाळेच्या सोसायटीतून कर्ज काढते आहे, पुढल्या दिवाळीच्या आत तुला इथे आणणार आहे. तोवर एक ऐक. ह्यापुढे धोट्याला तोंड लावायचं नाही. मुकादम ओरडला तरी नाही, घाई असली तरी नाही. आणि "नाही लावत" असं खोटं लिहून मला गप्प करायला बघू नकोस. तू खोकत असलास तर तुझ्या अक्षरावरून मला कळेल. मी किती संशयी आहे, ते तुला आता चांगलं माहीत झालं आहे.

तुझी
आक्का